विषय : इतर

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं याची पुण्यात एक अलिखित पण कडक यादी आहे. नर्मदा परिक्रमा चालते. हार्मोनियमचा क्लास चालतो. खालच्या मजल्यावरच्यांना चालत नाही, पण चालतो. अमेरिकेला मुलाकडे राहून आल्यावर तिथल्या ढोबळ्या मिरच्या केवढ्या असतात हे हातवारे करून सांगणं तर अपेक्षितच आहे. शिकायची हौस असेल तर संस्कृत, मोडी, नाहीतर इंडॉलॉजी. इंडॉलॉजीला जरा जास्त मान, कारण ते केलेल्या माणसाला सहलीत लेण्यासमोर उभं राहून बाकीच्यांना हक्काने उन्हात थांबवता येतं.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि यादीत नसलेलं काम केलं. एका विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं. नुसतं एम.ए. लोकांनी सोसलं असतं. पण अभ्यासक्रमाचं नाव निघालं ‘आंतरविद्याशाखीय लिबरल आर्ट्स’. सकाळच्या कट्ट्यावर नानांनी पहिल्याच दिवशी उलटतपासणी घेतली.

“कशात एम.ए.?”

“आंतरविद्याशाखीय.”

“ते कळलं हो. पण कशात?”

“इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, साहित्य, थोडं संख्याशास्त्र. सगळं मिळून.”

“मिळून कशात?”

नानांची हयात पाटबंधारे खात्यात गेली. मोघम उत्तर त्यांना पाझरणाऱ्या कालव्याइतकंच खुपतं. शेवटी मी माझ्या भाषेत सांगितलं, “नाना, हे जॉइंट खातं समजा. पाच नावं आहेत. एनीवन ऑर सर्व्हायव्हर.”

“सर्व्हायव्हर कोण?” नानांनी विचारलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आलो तर सौभाग्यवती फोनवर बहिणीला सांगत होत्या, “हो गं, एम.ए. करतायत. नाही, कशात ते अजून ठरलेलं नाहीये.”

आपल्याकडे माणसाला विषय लागतो. गाव, आडनाव आणि विषय एवढं कळलं की तुमच्याशी जन्मभर काय बोलायचं ते समोरच्याला समजतं. रसायनशास्त्रवाल्याला दुधातली भेसळ विचारायची, मराठीवाल्याकडून लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यायचे, अर्थशास्त्रवाल्याला एफडीचे दर विचारायचे. (अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना ते कधीच माहीत नसतात. ते विचारायला ते आमच्या काउंटरवर यायचे.) मला काय विचारावं हे मात्र कुणाला कळेना. सोसायटीचे सेक्रेटरी भेटले की नुसतं “चाललंय ना?” म्हणतात. याआधी ते हे फक्त हॉस्पिटलातून घरी आलेल्यांना विचारत.

गंमत म्हणजे खुद्द विद्यापीठालाही आमचा विषय ठाऊक नव्हता. प्रवेशाच्या पोर्टलवर ‘विषय’ असा रकाना होता. शेजारी लाल तारा, म्हणजे तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही. बाण दाबला की यादी खाली पडायची. तिच्यात अरबीपासून हवामानशास्त्रापर्यंत सगळं होतं, फक्त त्यांनीच सुरू केलेला आमचा अभ्यासक्रम तेवढा नव्हता. खिडकीवर जाऊन विचारलं.

“‘इतर’ करा,” आतला माणूस म्हणाला.

“पुढे काही अडचण?”

“पुढचं पुढे.”

बँकेत असताना अशा ‘पुढचं पुढे’तून किती खाती बुडीत गेली ते मी पाहिलं आहे. तरी ‘इतर’ केलं.

हे खूळ आलं कुठून? नाना म्हणतात, अमेरिकेतून. त्यात तथ्य आहे. कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठाने १९५३ साली असा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हापासून तिकडे दिवसा नोकरी करून संध्याकाळी प्लेटो वाचणारी प्रौढ मंडळी आहेत. आपल्या सरकारने मात्र उगम घरातलाच दाखवला आहे. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चा दाखला आहे : चांगलं शिक्षण म्हणजे चौसष्ट कलांचं ज्ञान, आणि त्यात गाणं-चित्रकलेच्या जोडीला गणित आणि सुतारकामही. दाखला बिनतोड आहे. पण राजपुत्राला इतकं सगळं शिकवायला राजाला नगराबाहेर वेगळं विद्यामंदिर बांधून पोराला वर्षानुवर्षं आत ठेवावं लागलं, एवढा तपशील धोरणाने गाळला.

चौसष्ट कलांची यादी ‘कामसूत्रा’तही आहे. ती मी निव्वळ अभ्यासासाठी वाचली. मेंढे, कोंबडे आणि लावे यांच्या झुंजी लावणं ही एक कला. पोपट-मैनेला बोलायला शिकवणं ही दुसरी. अंथरूण नीट घालणं हीदेखील कला आहे. घरच्या मते या शेवटच्या पेपरात मी लग्नापासून एटीकेटीवर आहे.

एका गोष्टीने मात्र मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. या शिक्षणात चक्क एक बँक आहे. तिचं नाव ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’, नियम यूजीसीने २०२१ साली काढले. प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं उघडतं, पास झालेल्या पेपरांची क्रेडिट्स त्यात जमा होतात, एका विद्यापीठातून दुसरीकडे वळवता येतात. नियम छापून घेतले आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. व्याज नाही. ओव्हरड्राफ्ट नाही. नॉमिनीचा रकाना नाही, म्हणजे माझं काही बरंवाईट झालं तर माझी समाजशास्त्राची क्रेडिट्स मुलाला मिळणार नाहीत. ठेवीची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. आमच्याकडे दहा वर्षं कुणी विचारलं नाही तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण नंतरही खातेदाराला किंवा वारसाला ती मागता येते. इथे सात वर्षांनी शिळी झालेली क्रेडिट्स कुठे जातात ते मी परिचयसत्रात उभं राहून विचारलं. मंचावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

दोन वर्षांच्या एम.ए.ला आपल्याकडे ८० ते ८८ क्रेडिट्स लागतात. एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास शिकवणं, म्हणून चार क्रेडिटांचा पेपर साठ तासांचा. साठ तासांत गौतम बुद्धापासून मिशेल फूकोपर्यंत यायचं, आणि मध्ये गणपतीची सुट्टी. मुदतीआधी, म्हणजे वर्षभरातच मोडलंत तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. दंड नाही. ही एक सवलत मात्र आम्ही कधी दिली नव्हती.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा गोंधळून बसले. आर्किटेक्चर अर्धवट सोडलेला एक मुलगा, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली लातूरची एक मुलगी, बारामतीचा एक कॉमर्सवाला, वसतिगृहाच्या खोलीसाठी प्रवेश घेऊन मनोभावे यूपीएससीचा अभ्यास करणारे दोघे-तिघे, आणि मी. पहिला आठवडा मी ‘सर’ होतो. कँटीनमध्ये सगळ्यांच्या वडापावचे पैसे एकदा दिले आणि ‘काका’ झालो.

इथे कुठलीही गोष्ट नुसती पाहायची नसते. लेन्समधून पाहायची असते. सोमवारी मार्क्सवादी लेन्स, बुधवारी स्त्रीवादी, गुरुवारी उत्तर-वसाहतवादी. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की ही लेन्स आता आयुष्यभर बदलायला नको. त्यांना आमचं टाइमटेबल माहीत नव्हतं. दुसरी गोष्ट, इथे ‘प्रॉब्लमटाइझ’ करावं लागतं. बँकेत प्रॉब्लेम मिटवला की शाबासकी मिळायची; इथे जिथे तो नव्हता तिथे काढून दाखवला की ‘ओ’ ग्रेड मिळते. बारामतीकराने एका निबंधात आजीची गोधडी अशी काही प्रॉब्लमटाइझ केली की तो दिवाळीला घरी जाऊन ती पांघरणार कशी, याची मला काळजी लागली.

माझ्याही डोळ्यांवरची झापड एका दिवशी उडाली. वाचनाला दामोदर धर्मानंद कोसंबी होते. इतिहासकार म्हणून नाव ऐकून होतो. ते मूळचे गणिती हे मला माहीत नव्हतं. १९०७ साली गोव्यात जन्म, १९२९ साली हार्वर्डची पदवी, फर्ग्युसनमध्ये गणिताचे मास्तर, पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने जा-ये. संख्याशास्त्र कशावर तरी चालवून पाहायचं म्हणून त्यांनी तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत नाणी हाती घेतली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, झिजलं की वजन उतरतं. म्हणजे किती झिजलं यावरून किती फिरलं ते काढता येतं. पडताळ्यासाठी त्यांनी आपल्या काळातली चालू चिल्लर हजारोंनी तराजूत घातली.

आता बघा, चिल्लर आम्हीही मोजत नाही, वजनावरच घेतो. कॅश विभागात पिशव्या काट्यावर चढताना मी तीसेक वर्षं पाहिल्या. एकदाही मौर्यांचा विचार मनात आला नाही. कोसंबींना मात्र ही नाणी पाडली कुणी असा प्रश्न पडला, त्यासाठी इतिहास लागला, इतिहासासाठी संस्कृत लागलं, आणि संस्कृतात शिरलेच आहोत तर म्हणून १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. मधल्या वेळात, १९४४ साली, जनुकशास्त्राला एक सूत्र देऊन ठेवलं. ते आजही त्यांच्या नावाने चालतं.

मग अशी माणसं आठवायची चटकच लागली. इरावती कर्वे बर्लिनला जाऊन कवट्यांवर डॉक्टरेट करून आल्या, इथे गावोगाव फिरून माणसांची डोकी मोजली, आणि ‘युगान्त’ लिहून महाभारतातल्या डोक्यांचंही माप घेतलं. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलहून पीएच.डी. घेऊन आले आणि त्यांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. त्यासाठी त्यांनी रीतसर लिमिटेड कंपनी काढून भाग विकले! ज्ञानकोशाला तारण काय घ्यायचं हे बँकेत आयुष्य काढूनही मला सांगता येणार नाही. विकत घेणाऱ्या त्या भागधारकांना माझा नमस्कार.

या तिघांपैकी एकही जण आज आमच्या पोर्टलच्या पुढच्या पानावर पोचला नसता. पण खरं सांगायचं तर, त्यांच्या नावाने आमच्या अभ्यासक्रमाची जी आरती ओवाळली जाते तीही मला पटत नाही. कोसंबींचं गणित पक्कं होतं, इरावतीबाईंचं मानवशास्त्र पक्कं होतं. एक घर नीट बांधून मग ते शेजारी गेले. आम्ही थेट कुंपणावरच प्रवेश घेतला आहे. हे मी वर्गात बोललो तेव्हा बाईंनी विचारलं, “काका, तुमचं पक्कं काय आहे?” मी म्हटलं, “चिल्लर.” वर्ग हसला, पण माझा प्रबंधाचा विषय तिथल्या तिथे ठरला.

दहा रुपयांचं नाणं आठवतं ना? बाहेर पिवळी कडा, आत पांढरा गाभा. त्याच्या काही नाण्यांवर दहा रेषा आहेत, काहींवर पंधरा. दहा रेषांचं खरं आणि पंधरा रेषांचं खोटं अशी आवई उठली आणि दुकानदार नाणी परत करू लागले. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८मध्ये जाहीर केलं की तोवर काढलेले चौदाच्या चौदा प्रकार चलनात आहेत. लोकांनी ऐकून घेतलं आणि नाणी नाकारणं चालू ठेवलं. नोकरीत असताना अशी नाणी घेऊन आलेल्यांशी मी रोज हुज्जत घालायचो. आता त्याच हुज्जतीला क्रेडिट्स मिळणार होती.

प्रस्ताव ऐकायला चार विभागांचे चार प्राध्यापक बसले. इतिहासाचे सर म्हणाले, “हे फार अलीकडचं आहे. आमच्याकडे इतिहास इथपर्यंत पोचलेलाच नाही.” अर्थशास्त्राच्या मॅडमनी सॅम्पल किती ते विचारलं आणि उत्तर ऐकून पेन खाली ठेवलं. समाजशास्त्राचे सर म्हणाले, “प्रश्न नाण्याचा नाहीच. नाकारण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न आहे.” साहित्याच्या मॅडमनी सुचवलं की रेषा हा एक मजकूर आहे असं धरून चालावं. चौघांचंही बरोबर होतं, आणि चौघांनाही शेजारचा काय म्हणाला याच्याशी कर्तव्य नव्हतं. दोन गाइड मिळाले. एकांना तळटीपा हव्यात, दुसऱ्यांना कंसात वर्ष. एक म्हणतात ‘मी’ लिहू नका, ‘प्रस्तुत संशोधक’ लिहा. दुसऱ्या म्हणतात, तुम्ही स्वतःला का लपवताय? सध्या प्रस्तुत संशोधक सम पानांवर लपतो आणि विषम पानांवर प्रकट होतो.

प्रस्ताव संपल्यावर सगळेच कँटीनला गेलो. चहाचे पैसे द्यायला मी खिशातून दहाची नाणी काढली. कँटीनवाल्याने एक उचलून उलटंसुलटं केलं आणि परत सरकवलं.

“पंधरा रेषांचं नाही चालत, काका.”

“रिझर्व्ह बँक म्हणते चालतं.”

“रिझर्व्ह बँक मला दूध घालते का? दूधवाला घेत नाही, म्हणून मी घेत नाही. त्याला विचारा, तो म्हणेल पेंडवाला घेत नाही.”

चारही प्राध्यापक कपबशा ठेवून काउंटरवर ओणवे झाले. एकाने चष्मा कपाळावर चढवला, दुसऱ्यांनी उतरवला. रेषा मोजणं सुरू झालं; दोनदा मोजल्या तर दोन उत्तरं आली. लातूरच्या मुलीने मोबाइलचा कॅमेरा मोठा करून सालाखालचं बारकं चौकोनी चिन्ह दाखवलं. ती मुंबईच्या टांकसाळीची खूण. मग इतिहासाचे सर खुलले, आहत नाण्यांवरचे ठसे इथपर्यंत कसे आले ते सांगू लागले. अर्थशास्त्राच्या मॅडमनी दूधवाल्याबद्दलचं वाक्य कागदी रुमालावर उतरवून घेतलं. त्यावर समाजशास्त्राचे सर म्हणाले की हे वाक्य त्यांच्या क्षेत्रातलं आहे. चांगला अर्धा तास वाद झाला. खरा आंतरविद्याशाखीय असा आमचा तो एकमेव तास, आणि त्याची हजेरी लागली नाही. पैसे शेवटी लातूरच्या मुलीने जीपेवर दिले.

ही मुलगी वर्गातली सगळ्यात हुशार. तिला प्राध्यापक व्हायचं आहे. त्यासाठी नेट द्यावी लागते आणि नेट एका विषयात असते. नोकरीच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयात पदव्युत्तर पदवी’ असं लिहिलेलं असतं. आमची पदवी सगळ्यांशी संबंधित, म्हणून कुणाच्याच संबंधातली नाही. दिल्लीचं धोरण म्हणतं भिंती पाडा, आणि मुलाखतीला बसणारा माणूस विचारतो, तुझी भिंत कोणती? ती दिवसा आमच्याबरोबर भिंती पाडते आणि रात्री वसतिगृहात समाजशास्त्राची गाइडं पाठ करते. मी एकदा तिला कोसंबींचं सांगून धीर द्यायला गेलो. “काका, तुमचं ठीक आहे,” ती म्हणाली, “तुम्हाला पेन्शन आहे.” त्यानंतर मी धीर देत नाही, वडापाव देतो.

राहता राहिलं ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या रचनेत चार क्रेडिट्स प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची आहेत. नोकरी कशी असते याची विद्यार्थ्याला तोंडओळख व्हावी हा उद्देश. मी कोऑर्डिनेटर मॅडमना नम्रपणे सांगितलं की माझी तोंडओळख झालेली आहे, इतकी की मला निरोप समारंभात चांदीचा गणपती मिळाला आहे. त्या म्हणाल्या, प्रवेशाच्या आधीचा अनुभव धरता येत नाही. संग्रहालयात विचारलं, जागा भरल्या होत्या. एका प्रकाशकाकडे गेलो तर त्याने माझ्या कविता आहेत की काय या भीतीने भेटच नाकारली. शेवटी मॅडमनीच उपाय सुचवला, “एखाद्या बँकेत बघा ना, काका. कुणाची ओळख निघते का?”

ओळख निघाली. एका पतसंस्थेचा व्यवस्थापक बारा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्या शाखेत हंगामी कारकून होता. रोज सव्वादहाला यायचा आणि बसचं नाव सांगायचा. मी त्याला तीन मेमो दिले होते. आता त्याने उठून मला खुर्ची दिली, चहा मागवला, “साहेब, तुम्ही ट्रेनी?” असं दोनदा विचारलं आणि मग चिल्लरच्या काट्याशेजारी बसवलं. मी महिनाभर पिशव्या तोलल्या, दहाच्या रेषा मोजल्या, प्रबंधाला पुरेल एवढी माहिती गोळा केली. शेवटच्या आठवड्यात दोन दिवस मेट्रोच्या कामामुळे पोचायला उशीर झाला.

प्रमाणपत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह मिळालं. ‘उमेदवार होतकरू आहे. शिकण्याची तयारी दिसते. वक्तशीरपणात सुधारणेस वाव.’

कोऑर्डिनेटर मॅडमनी ते वाचून फाइलला लावलं. “छान शेरा आहे, काका,” त्या म्हणाल्या. “प्रयत्न केलात तर तिथेच लागाल.”